ताब्याचा कागद

"मयत" असं लिहून मी सवयीनं थोडी जागा सोडली आणि पुढं लिहीत गेलो. "हिचे पार्थिव आम्ही वारस, मागण्या लेखी मान्य होईपर्यंत ताब्यात घेणार नाही."

हा मजकूर मला तोंडपाठ आहे. तीस वर्षांत तो मी दवाखान्याच्या पायरीवर लिहिलाय, रिक्षाच्या सीटवर लिहिलाय, एकदा तर डिझेलच्या पिंपावर कागद ठेवून लिहिलाय. नाव शेवटी घालायचं. कारण नाव विचारलं की बाया रडायला लागतात आणि कागद तसाच राहतो.

योगेंद्र शेजारी उभा होता. हा दुसऱ्या युनियनचा पुढारी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, वकिली शिकलेला. त्यानं कागद वाचला आणि मी सोडलेल्या जागेवर नुसतं बोट ठेवलं.

मी तिथं लिहिलं, भूमिका रतिलाल भदाणे, वय तेवीस. अक्षर नेहमीसारखंच आलं. खाली वारस म्हणून सही केली, शेजारी कृती समितीतर्फे म्हणून आणखी एक केली आणि पिशवीतून शिक्का काढून मारला. शिक्का कोरडा होता, दोनदा मारावा लागला.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या आवारात, शवागाराच्या समोर, सकाळी दहाच्या सुमाराला हे चाललं होतं. माझी मुलगी आत होती.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ती ठेकेदाराकडे पॅकिंगला होती. कारखान्याचं नाव लिहीत नाही, लिहून काय होणार? आदल्या दिवशी दुपारी पट्ट्याच्या रोलरमध्ये तिची ओढणी गेली. रोलरवर लोखंडी जाळी असते, ती काढून ठेवली होती. जाळी असली की पट्टा पुसायला वेळ लागतो म्हणून. एवढंच कारण. रात्रभर मी याहून मोठं काही कारण शोधत होतो, ते सापडलं नाही.

आमच्याकडे कामगार कामावर मेला की प्रेत लगेच उचलत नाहीत. उचललं की विषय संपतो, कंपनीचा माणूस फोनसुद्धा घेत नाही. प्रेत दवाखान्यात आहे तोवर मात्र पोलीस, तहसीलदार, कामगार अधिकारी सगळे खुर्ची ओढून बसतात. हे वाईट आहे हे मलाही कळतं. पण दुसरं काही चाललेलं मी तरी पाहिलं नाही. त्यामुळे कुठंही कोणी गेलं की मला बोलावणं यायचं. रतिलालभाऊला बोलवा, तो घरच्यांना समजावतो. अमळनेरच्या तेलाच्या मिलमध्ये मी फिटर होतो. मिल बंद पडल्यावर हेच माझं काम झालं.

आणि या वर्षी तर आम्ही सगळे एकत्र आलो होतो. चार युनियन, चार रंगांचे झेंडे, मिळून एक कृती समिती. ज्यांनी उभ्या आयुष्यात एकमेकांच्या मांडवात पाय ठेवला नव्हता, ते एका सतरंजीवर बसले. पत्रकावर कुणाचं नाव आधी, यात दोन बैठका गेल्या. शेवटी हमाल युनियनच्या धनसिंगआबांनी चहावाल्याला दारातूनच परत पाठवलं, तेव्हा कुठं मिटलं. मागण्या साध्या होत्या. ठेकेदारीतल्या प्रत्येकाला नेमणुकीचा कागद द्या, ईएसआयचं कार्ड द्या, म्हाताऱ्यांना पेन्शन द्या, आणि यंत्रांना जाळ्या बसवा. मला मोबाइलवर लिहिता येत नाही. मी सांगत गेलो आणि भूमिकानं ते पत्रक टाइप केलं. जाळ्यांची मागणी चौथी होती. "आबा, ही वर लेवो ना," ती म्हणाली होती. मी म्हणालो, राहू दे, क्रम ठरलेला आहे.

मग गेटसभा सुरू झाल्या. शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहायचं, पत्रकं वाटायची, दहा मिनिटं बोलायचं. शिरपूर, अमळनेर, धुळे, नरडाणा, अकरा गेटं झाली. बारावं तिचं होतं. तिथं जायच्या आदल्या संध्याकाळी ती भाकरी करता करता म्हणाली, "आबा, आम्हना गेटवर येऊ नका. ठेकेदारले ठावं नही मी तुम्हनी पोर शे. समजनं तर उद्यापासून बंद करी टाकी."

मी लगेच बरं म्हणालो. दुसऱ्या कुणाच्या पोरीनं असं सांगितलं असतं तर मी तिला तासभर भाषण दिलं असतं. समितीत मी सांगितलं, ते गेट पुढच्या महिन्यात घेऊ. कुणी का म्हणून विचारलं नाही, माझ्या शब्दाला तेवढी किंमत होती. आमची गाडी त्या गेटवरून न थांबता गेली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय.

अकरा वाजेपर्यंत आवार भरलं. झेंडे आले. कुणीतरी माइक आणला, मी तो बंद करायला सांगितला. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. मी प्रत्येकाला विचारत होतो, किती जण आलात, गाडी कुठं लावली, जेवण झालं का. मला रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं सगळं अंग झालं होतं.

माझी बायको मंदाबाई भिंतीच्या सावलीत बसली होती. तिच्याकडे मी गेलो नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होतो.

बाराच्या सुमाराला शिरपूरहून धुरपदाबाई आली. सहा वर्षांपूर्वी हिचा नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींखाली सापडला होता. तेव्हा कागद मीच लिहिला होता आणि दोन दिवस हिला याच भिंतीला बसवलं होतं. मे महिना होता. तिनं मला पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्यापाशी थांबली.

"भाऊ, तव्हय तुम्हीन मले दोन रोज बसाडं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं. "तुम्हनं चुकनं असं मी म्हनत नही. कागद भेटना, पोरं शिकनात. पन त्यासनं तोंड देखानं राही गयं. तिसरा रोज उघाडू दिधं नही कोन्ही."

मी म्हणालो, "जेवण आलंय अक्का, खाऊन घ्या."

ती जेवायला गेली नाही. ती मंदाबाईजवळ गेली, तिला हाताला धरून उठवलं. "चाल वं बहीन, पहिले तोंड देखी ले. बाकीनं बठ्ठं मांगून." दोघी आत गेल्या. दारातल्या शिपायानं माझ्याकडे बघितलं, तुम्ही येता का म्हणून. मी हातानं नाही म्हणालो. त्या बाहेर आल्या तेव्हा मंदाबाई नीट चालत होती. तिच्या हातात भूमिकाची कानातली होती, ती तिनं रुमालात बांधली आणि पुन्हा भिंतीला बसली.

तीन वाजता कंपनीचा माणूस आला. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. तो हात जोडून माझ्याशी बोलायला लागला, मग मी बाप आहे हे कळल्यावर योगेंद्रकडे वळला.

"साहेब सगळं करायला तयार आहेत," तो म्हणाला. "जाळ्या, कार्डं, भरपाई. तुम्ही आता विधी करून घ्या. पोरीचे हाल नका करू."

"लेखी द्या," योगेंद्र म्हणाला.

"लेखीला मुंबईहून सही लागते. उद्या सकाळी होईल. तोवर आमचा शब्द आहे."

"शब्दानं जाळी बसत नाही," योगेंद्र म्हणाला. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "रतिलालभाऊ, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही आज न्यायचं म्हटलं तर कुणी एक शब्द बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."

धनसिंगआबा काठीवर टेकून ऐकत होते. त्यांनी दोन्ही डोळे पुसले आणि म्हणाले, "ली जाय रे रतिलाल पोरले घर. भलतं करी टाकं आपीन."

तेवढ्यात तिच्या खात्यातल्या पोरी आल्या. वीसेक असतील. शिफ्ट सोडून आल्या होत्या, अंगावर कंपनीचे टोपी-एप्रन तसेच. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, काही मागितलं नाही, नुसत्या एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या ओढण्या कमरेला गाठ मारून बांधलेल्या होत्या. म्हणजे आज सकाळी त्याच पट्ट्यावर, त्याच रोलरपाशी त्यांनी काम केलं होतं.

मी योगेंद्रला म्हणालो, "घरच्यांशी बोलून येतो."

मंदाबाईसमोर मी उकिडवा बसलो. अशा वेळी उभ्यानं बोलायचं नसतं, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं असतं. नव्या पोरांना हे मीच शिकवलंय. ती माझ्याकडे बघत होती.

"पोरले घर कव्हय लई जावानं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "अक्का, एवढी एक रात कळ काढा. आज उचलं तर उद्या कोन्ही ईचारनार नही. तुम्हनं मानूस परत येवाव नही, पन मांगला लोके वाची जातीन."

वाक्य पूर्ण झालं, आणि मग मला कळलं मी काय बोललो ते. एकतीस वर्षांचा संसार. त्या बाईला मी अक्का म्हणालो. तुम्हनं मानूस म्हणालो. शेजारी धुरपदाबाई होती, तिनं मान दुसरीकडे वळवली. हेच वाक्य तिनं सहा वर्षांपूर्वी ऐकलं होतं, शब्दसुद्धा बदललेला नव्हता.

मला सांगायचं होतं की चुकलं, तोंडातून गेलं. मला सांगायचं होतं की बाराव्या गेटवर मी गेलो नाही. यातलं काही सांगता आलं नाही. लाज मात्र वाटली, त्या दिवसात तेवढी एकच गोष्ट मला नीट वाटली.

मंदाबाई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, ओळखीचं काही सापडतं का ते शोधावं तसं. मग म्हणाली, "बरं."

मी उठून योगेंद्रकडे गेलो. "वारस तयार आहेत," मी म्हणालो.

ती रात्र आवारातच गेली. सकाळी साडेनऊला कागद आला. सही होती, शिक्का होता. योगेंद्रनं वाचायला माझ्याकडे दिला, कारण अशा कागदात कुठं पळवाट असते ते मला दिसतं. मी ओळ न् ओळ वाचली. आठ दिवसांत सर्व यंत्रांना जाळ्या, महिन्याभरात सर्व ठेकेदारी कामगारांना कार्ड आणि नेमणुकीचा कागद. "शक्यतो" असा एक शब्द होता, तो मी खोडायला लावला. कंपनीच्या माणसानं खोडला आणि शेजारी सही केली.

चांगला कागद होता. तीस वर्षांत इतका चांगला कागद मी मिळवला नव्हता. पोरींनी एकमेकींचे हात धरले. योगेंद्र मला मिठी मारून रडला. चारही झेंडे एकत्र वर गेले. मला वाटत होतं आता काहीतरी फुटेल आतून, पण नाही फुटलं. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला, वरून शिक्का ठेवला.

मग शवागाराच्या दारात टेबल मांडलं. पाळी बदलली होती, हवालदार नवा होता, जळगावकडून नुकताच बदलून आलेला. त्याच्यापुढे ताब्याची पावती होती. "ताबा कोण घेतंय?" त्यानं विचारलं.

मी पेन घ्यायला हात पुढं केला. त्याआधी मंदाबाईनं ते उचललं.

"मी लेस," ती म्हणाली.

ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. वाकून, एकेक अक्षर जुळवत तिनं नाव लिहिलं. मयताशी नाते या रकान्यात तिनं लिहिलं, माय. हवालदार थांबला, घाई केली नाही, भला माणूस होता. तिचं झाल्यावर त्यानं पावती आपल्याकडे ओढली आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्याला पिशवी होती, छातीवर समितीचा बिल्ला होता.

"आणि हे? घरचेच का?"

मंदाबाईनं पेनला टोपण लावलं आणि ते नीट टेबलावर ठेवलं.

"नही," ती म्हणाली. "ह्या युनियनना भाऊ शेतस."

आतून स्ट्रेचरची चाकं वाजायला लागली. हवालदारानं मला हातानं खूण केली, भाऊ, जरा बाजूला व्हा, घरच्या लोकांना जागा द्या. मी बाजूला झालो.