वापसा

सुदर्शन सरांची गाडी पिंपळवंडीला आमच्या कांद्याच्या रानाशी थांबली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. हा माणूस अडल्याशिवाय चाकणच्या पुढे येत नाही.

चार वर्षं मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचेवर जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवत होते. मोबाइलच्या पडद्याला लागतो तसा. काच आरपार दिसली पाहिजे आणि तिच्यातून वीजही गेली पाहिजे. महागड्या धातूशिवाय ते मी जमवलं. पेटंटच्या अर्जावर नाव मात्र एकट्या सरांचं. विचारायला गेले तर म्हणाले, "हात तुझे होते गं, डोकं माझं." त्याच दिवशी मी घरी आले. माझी वही त्यांनी ठेवून घेतली. म्हटलं, ठेव बाबा.

वहीत मी माझ्या भाषेत लिहायचे. 'फवारणी. वापसा. मग भट्टी.' पाणी दिलेलं रान ना चिखल ना कोरडं, इतपत ओल राहिली की आमच्याकडे वापसा आला म्हणतात. काचेवरचा थरही तेवढाच सुकू द्यायचा, मगच तापवायचा. ती वेळ कळायला मला दोन वर्षं लागली होती.

सरांनी मोबाइलवर त्या पानाचा फोटो दाखवला. "वापसा म्हणजे वापस ना? परत भट्टीत? आम्ही दोनदा तापवतोय. काच पांढरी पडते, वीज जात नाही. सोमवारी कंपनीचे लोक बघायला येतायत."

मला हसू आवरेना. "अर्जावर माझं नाव घाला, सांगते."

"पुढच्या वेळी नक्की."

"मग पुढच्या वेळी सांगेन."

त्यांचं तोंड उतरलं. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पण सर हुशार. बांध ओलांडून ते तडक माझ्या आईकडे निघाले आणि मी त्यांच्या मागे धावले. आमची प्रयागबाई म्हणजे वाट विचारणाऱ्याला थेट ओझरच्या देवळापर्यंत पोचवून येणारी बाई. खोटं तिला बोलताच येत नाही. त्यात ती नेमकी वाफ्यातली माती मुठीत दाबून वापसाच बघत होती.

"काकू, वापसा म्हणजे काय हो?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या माणसानं काय केलं ते तिला ठाऊक होतं. घरी आल्यापासून मी अर्ध्या ताटावरून उठते, तेही रोज तीच बघत होती.

"वापसा व्हय?" तिनं हातातलं ढेकूळ फोडलं. "वापसा म्हंजी माघारी जाणं, पावणं. आल्या वाटंनं."

"म्हणजे माझंच बरोबर होतं!" सर खूश झाले. "अजून जास्त तापवायला हवं."

आईच्या पाया पडायचेच काय ते बाकी राहिले. गाडी नारायणगावच्या दिशेनं निघून गेली. धुरळा बसेपर्यंत आई तिकडे बघत उभी राहिली, मग तिनं खुरपं माझ्या हातात दिलं.

"चल. वापसा आलाय."