शर्यतीतून बाद झालेली होडी

मी एक जुनी शर्यतीची होडी आहे. आमच्या किनाऱ्यावर मला वाका म्हणतात. मित्रांनो, सहा जणी एकीमागे एक बसतील एवढी मी लांब आहे, आणि रुंदीला मात्र जेमतेम एका माणसापुरती. कलंडू नये म्हणून माझ्या डाव्या अंगाला दोन दांड्यांनी एक तरंगता ओंडका बांधलेला आहे. माझ्या अंगावर आता रंग कमी आणि शेवाळ जास्त आहे. पण मीही कधीकाळी पाणी कापत गेले आहे.

मला तामाहोउ नावाच्या माओरी सुताराने घडवले. नदीच्या मुखाशी त्याची पत्र्याची छपरी होती. तो लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवी, तासून गुळगुळीत करी आणि वर राळेचा हात देई. त्याच्या ओठाला वळलेली सिगारेट सदाची लटकलेली असे. तिची राख ओल्या राळेत पडे आणि तिथेच थिजून जाई. ती अजून माझ्या अंगात आहे.

त्याची धाकटी बहीण रीपेका शाळेची बस चालवायची. येता-जाता ती छपरीत डोकावे.

"दादा, होडी करतोयस का राखेचं भांडं?"

"गप गं. आपल्या खापरपणजोबांनी गोऱ्यांना जमीन दिली. बदल्यात मिळालं काय, तर कांबळं नि तंबाखू. जमीन गेली, कांबळं फाटलं. राहिली ती तंबाखू. ती पण टाकून देऊ म्हणतेस?"

दोघे पोट धरून हसले आणि रीपेकाने त्याच्याच सिगारेटवर आपली पेटवून घेतली. मला तेव्हा वाटले, ही नुसती थट्टा आहे.

तामाहोउने मला पाण्यात उतरताना पाहिले, पण माझी एकही शर्यत त्याला पाहता आली नाही. त्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. पुढे रीपेकानेच मला ताब्यात घेतले आणि गावातल्या सहा मुली गोळा केल्या. साऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या. त्यातल्या चौघी सिगारेट ओढत. रीपेका स्वतः ओढत होती, म्हणून ती उपदेश करत नसे. ती फक्त एवढेच म्हणे, "हातात वल्हं असलं की सिगारेट ओढता येत नाही. तेवढाच वेळ सुटलात तर सुटलात."

माझ्या तिसऱ्या फळीवर पिरिहिरा बसे. ती हाळी देणार आणि त्या हाळीवर सहाही वल्ही बाजू बदलणार. तिचा आवाज नदीच्या पलीकडच्या तीरापर्यंत पोहोचायचा. तामाहोउ तिचा काका, रीपेका तिची आत्या. त्याला मातीत ठेवले त्या दिवशी ती बारा वर्षांची होती. आमचे अंत्यविधी होतात त्या गावच्या सभाघराच्या मागे, चुलाण्यापाशी ती हुंदके देत बसलेली असताना कुणीतरी तिच्या बोटांत सिगारेट दिली. देणाऱ्याच्या मनात माया होती, मित्रांनो, दुसरे काही नव्हते. आमच्याकडे कुणाच्या खांद्यावर हात ठेवावा तशी ती दिली जाते. घरी आई ओढते, आजी ओढते. मग मुलीला ती वाईट वाटणार कशी?

शहरातल्या मोठ्या शाळेतल्या मुलीही ओढत नाहीत असे नाही. पण ओढणारी तिथे एखादी असते आणि तिला लपावे लागते. आमच्याकडे न ओढणारीला वेगळे वाटते. आणि हे आपोआप झालेले नाही. त्या शाळेसमोर एकदा वाफेच्या सिगारेटींचे दुकान निघणार होते. पालक उठले, आणि आठवड्याच्या आत ते बारगळले. मग तेच दुकान आमच्या मुलींच्या बसथांब्याशेजारी आले, आंबा नि टरबुजाच्या वासाची रंगीत नळकांडी काचेत मांडून. आमच्याही लोकांनी विरोध केला. त्यांना कुणी उत्तरही दिले नाही.

तलावावरच्या वार्षिक शर्यती जवळ आल्या तेव्हा पिरिहिराला दम पुरेना. अर्ध्या अंतरातच तिची हाळी फाटू लागली. एके सकाळी तिने वल्हे आडवे ठेवले.

"आत्या, मी सोडते. पण तू पण सोडायचीस."

"माझं काय राहिलंय आता, पोरी? मी तर थडग्यात पण काडेपेटी घेऊन जाणार."

"मग मी पण ओढणार. तुझ्यासारखीच खोकणार. चालेल?"

रीपेकाने खिशातले पाकीट काढले आणि पाण्यात भिजवून माझ्या बुडाशी पिळून टाकले. "झालं समाधान? बापावर गेलीस अगदी, हट्टी कुठली."

ते दिवस दोघींनी कसे काढले ते मी जवळून पाहिले. पिरिहिरा कारण नसताना मैत्रिणींवर खेकसायची. रीपेका बस उभी करून काड्या चघळायची. पण हाळी पुन्हा पलीकडच्या तीरापर्यंत जाऊ लागली. प्राथमिक फेऱ्यांत आम्ही दोन्ही वेळा पहिल्या आलो. अंतिम फेरीआधी लोक माझ्याभोवती जमले, "ही कुणाची होडी?" म्हणून विचारू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच माझे कौतुक झाले, आणि खरे सांगते, मला ते फार गोड लागले.

माझ्या शेजारी शहरातल्या शाळेची नवीकोरी होडी होती. त्यांच्यातली इमोजेन नावाची मुलगी पिरिहिरापाशी आली आणि माझ्या दांड्यावर टेकली. ती सारखी सुरुवातीच्या रेषेकडे पाहत होती. तिने बाहीतून एक नळकांडे काढून दोन झुरके घेतले.

"घेतेस? आंब्याचं आहे."

"नको. सोडलंय मी."

"खरंच? तुमच्यात तर सगळेच..." ती बोलता बोलता थांबली, कारण पंच बाई वळसा घालून येत होत्या. इमोजेनने हात खाली सोडला. नळकांडे माझ्या पोटात, तिसऱ्या फळीखाली पडले.

पंच बाईंनी हवेचा वास घेतला, वाकल्या, नळकांडे उचलले आणि इमोजेनकडे वळल्या. "तू जा गं बाळ, तुझी शर्यत आहे." मग त्या पिरिहिराशेजारी बसल्या.

"माझं नाहीये ते," पिरिहिरा म्हणाली.

"हे बघ, मी रागावले नाहीये. तुझा दोष नाही यात. तुमच्याकडे घराघरांत हेच असतं, मला माहितीये ना. पण होडीत हे सापडलं की संघ बाद, नियम म्हणजे नियम."

"माझं नाहीये! तिला विचारा!"

इमोजेन दहा पावलांवर उभी होती. तिने आपल्या बुटांकडे पाहिले आणि ती निघून गेली.

रीपेका धावत आली. "पोरीनं सोडलीय, माझ्या डोळ्यांदेखत सोडलीय! तोंडाचा वास घ्या तिच्या!"

"आवाज चढवू नका, बाई. मुलं बघतायत," पंच हळुवारपणे म्हणाल्या आणि आम्हाला बाद केले. त्या बाई कठोर असत्या तर मला कमी लागले असते. त्यांना आमची कीव आली होती, आणि कीव आलेल्या माणसाला काही विचारावेसे वाटत नाही.

मी काठावर उभी राहिले आणि ती फेरी माझ्याशिवाय झाली. इमोजेनची होडी जिंकली. पुढे महिनाभराने तीही शाळेत पकडली गेली, असे मुलींच्या बोलण्यातून कळले. तिला ताण आला आहे म्हणून डॉक्टरांकडे नेले, चार दिवस घरी विश्रांती दिली. जी सवय आमच्या मुलीत स्वभाव ठरली, ती तिच्यात आजार ठरली.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी गाडी थांबली. मागच्या गाड्यावर बांधलेली मी सारे पाहत होते. रीपेका पाकीट घेऊन बाहेर आली आणि तिने एक पेटवली. पिरिहिरा खाली उतरली व तिच्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"नाही," रीपेका म्हणाली.

"नाव तर खराब झालंच आहे, आत्या. मग न ओढता कशाला मिरवू?"

रीपेकाने तिच्याकडे पाहिले. मोठ्या माणसांजवळ अशा वेळी उत्तर असायला हवे, मित्रांनो. तिने एक काढून दिली आणि दुसऱ्या हाताने वाऱ्याला आड धरून ती पेटवूनही दिली. दोघी रडत होत्या.

त्यानंतर सराव आज होईल, उद्या होईल असे होत होत थांबला. मला सभाघरामागे आणून पालथे घातले. माझे दोन्ही दांडे कुणीतरी कुंपणाला वापरले. रीपेकाला दोन वर्षांनी त्याच सभाघरात आणले, शवपेटीतून. सगळे आत गाणी म्हणत असताना पिरिहिरा माझ्यापाशी आली. ती आता कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात कामाला जाते. माझ्या पाठीवर तिने कपाळ टेकवले. एक हाळी द्यावी तसा तिने श्वास भरला, पण खोकल्याने तो मध्येच मोडला. मग तिने पाकीट काढले.

तुम्ही मला विचाराल, आता तू कुणाच्या काय कामाची? कामाची आहे की! समुद्राकडून येणारा वारा आमच्याकडे फार जोराचा असतो, त्यात काडी पेटत नाही. शाळा सुटली की लहान लहान मुली माझ्या आडोशाला उकिडव्या बसतात. माझ्यामुळे त्यांची ज्योत विझत नाही.

मित्रांनो, सिगारेट ओढू नका हे तुम्हाला सगळेच सांगतील, आणि ते खरेच आहे. मी त्यापुढचे मागते. कुणा मुलीच्या बोटांत ती दिसली तर "यांच्यात असंच असतं" म्हणून पुढे जाऊ नका. तिच्या हातात ती कुणी आणून ठेवली, आणि तिने खाली ठेवली होती तेव्हा कुणी पाहिले नाही, हेही विचारा. आणि तिच्या हाती दुसरे काही देता आले तर द्या. माझ्या मुलींना वल्ही पुरली असती.