पावणेतीन

भिंगरीचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा. भिंगरी म्हणजे माझी भाची. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली म्हणून तिच्या आईनं, माझ्या ताईनं, हे नाव पाडलं. वय बारा, जीभ बावीस वर्षांची. कविता तोंडपाठ, नकाशे तोंडपाठ, पण अपूर्णांक दिसला की पोरीच्या पोटात दुखायला लागायचं. ताई हिवाळ्यात गेली आणि त्या वर्षी गणितात सरळ भोपळाच मिळाला. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"सुट्टीनंतर फेरपरीक्षा घेते," त्या म्हणाल्या. "पास झाली तर वर, नाहीतर पुन्हा त्याच वर्गात. पुस्तकातल्या आगगाड्या आणि हौद ठेवा बाजूला. घरातली गणितं घाला. रोज एक."

मी पडदे शिवते. घरातली गणितं म्हणजे माझं पोटापाण्याचं काम. दांडी सहा फूट असेल तर कापड बारा फूट घ्यायचं, कारण दुप्पट कापडाशिवाय पडद्याला चुण्या पडत नाहीत. हात आखडून दीडपट घेतलं तर पडदा उपाशी दिसतो. गुणोत्तर म्हणजे हेच, दुसरं काही नाही. भिंगरीला हे एका दुपारी समजलं आणि लगेच तिनं फाटे फोडले.

"पण मावशी, पडद्यामागे काही असलं तर? पडदा फुगेल. मग चुण्या कमी होतील ना?"

"होतील. आधी सपाट पडद्याचं गणित कर, मग फुगलेल्याचं."

आमच्या बाहेरच्या खोलीला एक आत गेलेला कोपरा आहे, जेमतेम एक खाट मावेल एवढा. ताईचं आजारपण तिथेच झालं, मीच शिवलेल्या निळ्या पडद्यामागे. शेवटी तिला तिथून उचलून दवाखान्यात नेलं. नंतर मी खाट काढून टाकली आणि तिथे चिंध्यांची गाठोडी ठेवली. पडदा मात्र काढवला नाही. तेवढं बळ नव्हतं माझ्यात.

गुणोत्तर झालं, मग समीकरणं आली. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचं एक छोटं पिंप आहे, खाली तोटी असलेलं. सकाळी मी ते गळ्यापर्यंत भरते. त्यात बारा पेले मावतात. मी भिंगरीला विचारलं, "आपण दोघी. दिवे लागायच्या वेळी पिंपात चार पेले उरतात. तर एक माणूस किती पेले पितो?"

"बारातून चार गेले आठ. आठ भागिले दोन, चार."

"शाब्बास! आता ताळा कर." आमच्या बाबांची ही शिस्त. उत्तर आलं की ते पुन्हा गणितात घालून बघायचं, जुळतं का. ताळ्याशिवाय उत्तर म्हणजे गाठ न मारलेला दोरा, कधीही सुटतो.

ताळा जुळला. पोरगी खुलली. आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, "आता उलटं कर. एक माणूस चार पेले पितो हे माहीत आहे. घरात माणसं किती, हे माहीत नाही. ती संख्या क्ष मानू."

"क्ष मानू," भिंगरी म्हणाली, आणि ती पडद्याकडे बघत होती.

त्या संध्याकाळी तिनं पिंप मापलं आणि खडू घेऊन माझ्या कापायच्या टेबलावरच गणित मांडलं. "तीन पेले उरले. म्हणजे संपले नऊ. नऊ भागिले चार... सव्वादोन."

मी पोट धरून हसले. "घरात सव्वादोन माणसं? अगं, माणसं अपूर्णांकात येत नाहीत. असं उत्तर आलं की समजायचं, आपलं कुठेतरी चुकलंय."

"मापायला नाही चुकलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तोटी तपासली. खाली कोरडी वाटी ठेवली, ती कोरडीच राहिली. आणि संध्याकाळी पिंपात दोनच पेले उरले. अडीच माणसं. भिंगरीनं खडूनं उत्तराखाली रेघ मारली, पोर पास झाल्यासारखी खूश होती.

मला आधी वाटलं, पोरीला तहान जास्त लागत असेल, उन्हाळा आहे. पण शाळेचा नवा गणवेश मी सुट्टी लागल्या लागल्या तिच्या मापानं कापला होता. त्या दिवशी कच्चा टाका घालून तो तिच्या अंगावर चढवला, तर खांदे ओघळले. उंची मापली, तर दोन बोटं कमी. पोरं या वयात वाढतात, आटत नाहीत. मी पुन्हा टेप लावला. गिऱ्हाईक खोटं बोलतं, टेप नाही बोलत.

"जेवत नाहीस का नीट?" मी खेकसले. मला भीती वाटली की मी खेकसते, हा माझा जुना स्वभाव.

"जेवते की," ती म्हणाली. हात हातात घेतला तर फरशीसारखा गार.

पुढच्या दिवशी दुपारी इस्त्रीवाली आली. ती माझे शिवून झालेले पडदे नेते आणि कडक करून आणते. तोंडाची फटकळ, कानानं जरा कमी. भिंगरीला टेबलावर आकडे मांडताना बघून तिनं विचारलं, "काय गं, काय चाललंय?"

"घरात माणसं किती ते काढतेय. आज पावणेतीन येणार."

"पावणे? तीन?" इस्त्रीवालीनं डोळे मोठे केले. "अगं बाई! एवढ्याशा घरात तीन तीन पावणे? आणि झोपवता कुठं त्यांना?"

"पडद्यामागे," भिंगरी म्हणाली.

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिले. इस्त्रीवालीनं निळ्या पडद्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. माझ्या हातचा पडदा, दुप्पट कापडाचा, दाट चुण्यांचा. चुण्या निम्म्यावर आल्या होत्या. मधोमध कापड पुढे आलं होतं आणि दीडपटीच्या पडद्यासारखं ताणलेलं, उपाशी दिसत होतं. खिडकी बंद होती.

"येते मी," इस्त्रीवाली घाईघाईनं म्हणाली आणि गाठोडं उचलून निघाली.

"मावशी, ही खरंच येणार?" दार लागल्यावर भिंगरीनं विचारलं.

"येईल की उद्या, पडदे घेऊन."

"मग 'जाते' का नाही म्हणाली?"

"तसं म्हणू नये. निघताना 'येते' म्हणायचं. मी चुकून 'जाते' म्हटलं की तुझी आईच ओरडायची मला."

"आईपण 'येते' म्हणाली होती. दवाखान्यात नेताना." ती जराही रडवेली नव्हती. "मी म्हटलं, ये. आता येतेय. पाव पाव करून येतेय."

माझी पाचावर धारण बसली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. ताई. माझी ताई पडद्यामागे. मला एकदम हाक मारावीशी वाटली.

हाक मारली नाही. मशीन बंद केलं आणि नुसती बसून राहिले. बाबांनी सांगितलेलं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे ताळा. सव्वादोन, अडीच, सगळी उत्तरं काढली, पण कोण किती पितं ते एकदाही पडताळून पाहिलं नव्हतं. आम्ही दोघी पूर्ण आहोत असं धरूनच चाललो होतो.

मग मी पाहत राहिले. भिंगरी पेला भरायची, पडद्याशी जायची, वाकायची आणि पडद्याच्या खालच्या काठातून तो आत सरकवायची. थोड्या वेळानं पेला बाहेर यायचा, रिकामा. कोण बाहेर सरकवत होतं ते मला दिसलं नाही, कारण तेवढ्या वेळापुरती माझी मान खाली जायची. विचारलं तर ती म्हणाली, सकाळपासून असंच चाललंय, रोजच चालतं. ती स्वतः दिवसभरात एकच पेला प्यायली होती. चार मी प्यायले. सहा आत गेले. दिवे लागले तेव्हा पिंपात एक पेला उरला होता.

"आले!" भिंगरी टाळी वाजवून म्हणाली. "पावणेतीन. उद्या पिंप रिकामं होईल आणि तीन येतील. पूर्णांक. पूर्णांक आला की बरोबर ना, मावशी?"

"इकडे ये. खडू घे. ताळा कर."

"कशाला? आलंय की उत्तर."

"ताळा कर म्हणते ना! मी किती प्यायले?"

"चार. म्हणजे एक माणूस." तिनं लिहिलं.

"आत किती गेले?"

"सहा. सहा भागिले चार... दीड." तिनं दीड लिहिलं आणि खडू थांबला.

"आणि तू?"

"एक पेला. म्हणजे पाव." तिनं ओठ हलवत बेरीज केली. "एक अधिक दीड, अडीच. अडीच अधिक पाव, पावणेतीन. जुळलं की."

"जुळलं. आता सांग, तुझी आई दीड होती का गं?"

ताई दीड कधीच नव्हती. शेवटी शेवटी तर कूस बदलतानासुद्धा म्हणायची, 'मी आता पाऊणच उरले.' आम्ही हसायचो त्यावर, रडू येऊ नये म्हणून.

"पाऊण," भिंगरी हळूच म्हणाली. "आई पाऊण होती."

"दिडातून पाऊण गेली, उरली किती?"

"पाऊण."

"ती कुणाची?"

तिनं टेबलावर खडूनं लिहिलेल्या 'पाव'कडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. मनगटं पेन्सिलींसारखी झाली होती, ती जणू तिला आत्ताच दिसली. "माझी," ती म्हणाली. मग खडू टाकून पडद्याकडे वळली. "आई? तुला माहीत होतं?"

पडदा हलला नाही. मग काठाखालून एक पेला बाहेर आला. काठोकाठ भरलेला. तो सावकाश सरकत भिंगरीच्या पायांशी येऊन थांबला, आणि त्यातलं पाणी सांडलं नाही.

आतून आवाज आला. दमलेला, ओळखीचा, जिना चढून आल्यावर यायचा तसा.

"जाते गं."

आयुष्यभर जिनं मला तो शब्द तोंडातून काढू दिला नाही, तीच म्हणाली. भिंगरीचं तोंड उघडलं. लहानपणापासूनची सवय, कुणी निघालं की आपोआप येतं ते उत्तर. मी झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. तो शब्द माझ्या तळव्यात गरम गरम अडकला आणि तिथेच विरला.

पडद्याचं पोट खाली बसलं. चुण्या परत आल्या, आधी कडेच्या, मग मधल्या. दुप्पट. भिंगरी तो पेला घटाघटा प्यायली आणि मग माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली, हिवाळ्यात रडायचं राहिलं होतं तेवढं सगळं. हातांना ऊब आली. मी मोकळ्या हातानं टेबलावरचे आकडे पुसत बसले. पोर वाचली होती. गणवेश होता त्या मापाचा पुरणार होता.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली खरंच आली. गेले का पावणे, म्हणाली. गेले, मी म्हटलं. संध्याकाळी भिंगरीनं पिंप मापलं. चार पेले उरले होते.

"संपले आठ. आठ भागिले चार, दोन! मावशी, दोन! पूर्णांक!" ती उड्या मारत होती. "मी चार प्यायले. आता ताळा करूया. तू किती प्यायलीस?"

आदल्या संध्याकाळी भिंगरीच्या तोंडावर माझा हात होता. माझ्या तोंडावर कुणाचाच नव्हता. मी मोठ्यानं बोलले नव्हते, ओठसुद्धा हलले नसतील. पण माझी बहीण जात होती, आणि मनातल्या मनात मी म्हटलं होतं, ये.

"चारच," मी भिंगरीला म्हटलं. "ताळा राहू दे. बरोबर आहे उत्तर."

मी तीन प्यायले होते.