भट्टीवरची बोटं

"बोटांनी धरू नकोस गं, चिमटा घे," असं तोत्कामावशीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रालित्सानं ते कानाआड केलं, कारण सांगणारी बाई स्वतःच कार्ड उघड्या बोटांत धरून बसली होती.

काटकसरीसाठी बल्गेरियाभर गाजलेल्या गाब्रोवो गावच्या वाचनालयातली वरची खोली, बायकांचा शनिवार सकाळचा हस्तकलेचा वर्ग. कार्डावर चिकट शाईचा ठसा मारायचा, त्यावर सोनेरी भुकटी भुरभुरायची, जादाची झटकायची आणि मग हीट गनचा झोत सोडायचा. हेअर ड्रायरसारखंच ते यंत्र, पण वारा थोडा आणि ताप भयंकर. भुकटी वितळते, रवाळपणा जातो आणि अक्षर उठून चमकू लागतं. त्या चमकण्याकडे बघता बघता झोत रालित्साच्या अंगठ्यावर आला.

"आई गं!"

"कानाला ऐकू आलं नाही, आता अंगठ्याला आलं ना?" मावशी हसली आणि तिनं कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा तिच्यापुढे सरकवला. "लाकडीच घ्यायचा. लोखंडी तापतो."

"आणि तुम्ही हो?"

"मी भट्टीवरची बाई. एकतीस वर्षं पावाचे साचे उपसलेत. आगीची आणि माझ्या बोटांची जुनी ओळख आहे."

हे काही खोटं नव्हतं. मावशीच्या हातचा पाव खाल्ला नाही असं माणूस गावात सापडलं नसतं. पहाटे चारला कारखान्यात हजर, दोन मुली वाढवल्या, नवऱ्याचं आजारपण काढलं. निवृत्त झाली आणि हात रिकामे बसेनात म्हणून या खोलीत आली. तिच्याइतकी नेटकी उठावाची अक्षरं कुणाचीच नव्हती. रालित्सा त्या न थरथरणाऱ्या बोटांकडे कौतुकानं बघत राही. रालित्सा रसायनशास्त्र शिकलेली. घरातल्या प्रत्येक प्लगला तिनं झाकण लावलं होतं. चार वर्षांची लेक कालिना शिंकली तरी तिचा जीव वरखाली व्हायचा. आपण डोळ्यांत तेल घालून असतो, अशी तिची समजूत होती.

मे महिन्यात मावशीनं नातीच्या, मिलेनाच्या, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका करायला घेतल्या. साठ पत्रिका. लग्नाला तीन आठवडे होते, आणि लग्नात सासूनं मोडून जोडप्याला भरवायचा मानाचा पाव आजीनंच मळायचा हे मिलेनाच्या जन्मापासून ठरलेलं.

कालिना टेबलाखाली मणी निवडत बसली होती. तिथून ती म्हणाली, "आई, आजीचं बोट पांढरं झालंय."

"मध्ये मध्ये बोलू नये. आजी काम करतायत ना?"

कालिना बाहेर आली, खुर्चीवर चढली आणि मावशीचा डावा हात ओढून त्यावर फुंकर घालू लागली.

"काय गं चिमणे, फुंकतेस कशाला?"

"तुला बाऊ झालाय."

मावशीनं हात उलटा करून पाहिला. दुसऱ्याच कुणाचा तरी असावा, तसा पाहिला. तर्जनीवर वालाच्या दाण्याएवढा फोड टरारला होता, आणि त्याच्या शेजारी एक जुना, फुटून चिघळलेला.

"दही आणा, दही!" पलीकडून नेदाबाई ओरडल्या.

"दही पोटात जाऊ दे, नेदाबाई. भाजल्यावर पाणी," म्हणत रालित्सानं मावशीला नळाखाली नेलं आणि हात धरून उभी राहिली. चांगली वीस मिनिटं. इतके महिने पाहिलेला हात तिनं पहिल्यांदाच नीट पाहिला. कुठे चट्टा, कुठे सोललेली कातडी, आणि एकाही जखमेबद्दल मावशीनं कधी चकार शब्द काढलेला नाही.

"कधीपासून कळत नाही, मावशी?"

"कळतच नाही, तर कधीपासून ते कसं कळणार?" मावशीनं हसून पाहिलं. मग आवाज उतरला. "हिवाळ्यात पिठाचं पाणी कोमट की कढत, ते ओठाला लावून बघायला लागले. म्हटलं, वय झालं. साखर आहेच नऊ वर्षं. पण तू कुणाला बोलू नकोस गं. मिलेनाच्या घरचे म्हणतील, हात गेलेल्या बाईच्या पुढ्यात पीठ कशाला ठेवायचं?"

रालित्सानं खोलीत कुणाला सांगितलं नाही. पण दुपारी मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून ती मावशीला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले आणि बारीक दोरा बोटांवरून फिरवला. "करा ना सुरू," मावशी म्हणाली. चार बोटं तपासून झाली होती. मनगटाच्या वर मात्र तिला सगळं जाणवत होतं. मग बूट काढायला लावले. डाव्या बुटातून वाचनालयातल्या मण्यांपैकी एक निळा मणी घरंगळला. निळे मणी मागच्या शनिवारीच संपले होते. आठ दिवस बाई त्यावर चालत होती. तळव्याला लाल खड्डा पडला होता.

"वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखरेनं बोटांची आणि तळव्यांची जाणीव गेलीय. बोट वाचेल. पण हा हात कणकेत घालायचा नाही."

परतताना मावशी पुलावर थांबून म्हणाली, "म्हणजे संपलं."

"मावशी, कालिना तान्ही होती तेव्हा आंघोळीचं पाणी मी कोपरानं बघायची. कोपर फसवत नाही. आणि उजवा हात आहे की!"

पुढच्या शनिवारी मावशी डाव्या हाताला पट्टी बांधून आली. सगळ्या बघत होत्या. तिनं चिमटा उचलला, कार्ड पकडलं आणि मान ताठ ठेवून म्हणाली, "बघता काय? शेवटी बोटंही गाब्रोवोचीच. दुखण्यातसुद्धा काटकसर करायला लागलीत. आजपासून मीही चिमटा घेणार." आधी नेदाबाई हसल्या, मग सगळ्याच. साठाव्या पत्रिकेपर्यंत तो चिमटा तिच्या हातातून सुटला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं बाही वर सारून कोपर पाण्यात बुडवला, मान डोलावली आणि डावा हात पाठीमागे ठेवून एका हातानं पीठ मळलं. परात रालित्सानं धरली होती. पाव असा फुगला की मिलेनाची सासू तो मोडायला धजेना.

वाचनालयातल्या त्या टेबलावर आता एक कागद चिकटवलेला आहे. अक्षर रालित्साचं. कार्ड लाकडी चिमट्यात धरा, बोटं झोतापासून वीतभर लांब ठेवा, वितळलेल्या भुकटीला निवेपर्यंत हात लावू नका, असं सगळं त्यात आहे. त्याखाली वेगळ्या शाईत तिनं लिहिलंय:

"'मला काही होत नाही' म्हणणारं एक माणूस तुमच्याही घरात असेल. आज घरी गेल्यावर त्यांचा हात हातात घेऊन उजेडात बघा. आणि हो, त्यांचे बूट एकदा उलटे करून झटका."