बाजूची शिलाई

शिंप्याच्या लेकीला कपडे कधी घट्टच झाले नाहीत. होतील कसे? फ्रॉक काखेत काचतोय असं तिने म्हणायच्या आत बाप बाजूची शिलाई उसवून आत दाबलेलं कापड सोडायचा. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फ्रॉक अंगावर असा बसायचा, की पोरगी फुगत चाललीये हे आईच्याही ध्यानात आलं नाही.

तिला लाडाने सगळे चिमणी म्हणत. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला गोड थंड पेयाची बाटली दिली की चिमणीला एक मिळायचीच. गिऱ्हाईक नको म्हणालं, तर दोन.

शाळेच्या तपासणीत तिचा रक्तदाब जास्त निघाला, आणि आईबाप तिला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली.

"यकृतात चरबी साठलीये," बाई म्हणाल्या.

"दहा वर्षांच्या पोरीच्या? अहो, ते दारू पिणाऱ्यांना होतं!" शिंपी म्हणाला.

"साखर पिणाऱ्यांनाही होतं. आज यकृत मऊ आहे, चरबी निघून जाऊ शकते. असंच चालू राहिलं तर पुढे त्यात वण पडतील, ते निबर होईल. रक्तवाहिन्याही ताठरतात, मग हृदयावर भार येतो. आज तिला काही दुखत नाही, म्हणून तर पत्ता लागत नाही." बाईंनी फ्रॉककडे पाहिलं. "बहुतेक आईबाप कपडे पुरेनात म्हणून येतात. तुम्हाला नाही जाणवलं?"

शिंप्याने मान खाली घातली. आईने एकदा फ्रॉककडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"उपाशी मात्र ठेवू नका," बाई पुढे म्हणाल्या. "वाढतं वय आहे. वजन आहे तिथे थांबलं तरी पुरे, उंची आपली वाढत राहील. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "अहो, अख्ख्या गल्लीची मापं घेता, आणि घरचं तेवढं झाकून ठेवलंत!"

"झाकलं कुठे गं? कौतुकाने शिवत होतो."

बाटल्या गेल्या, त्या जागी पाण्याचा माठ आला. चिमणीने दोन दिवस गाल फुगवले. चिमणीच्या ताटात जे, तेच सगळ्यांच्या, हा आईचा कायदा. शिवलेले कपडे पोचवायला बापलेक पायी निघू लागली. चौथ्या मजल्यावर चिमणी आधी पोचायची आणि कठड्यावरून वाकून ओरडायची, "बाबा, झोपलास का रे?"

"तुझा बाप आहे मी, लिफ्ट नाही!" खालून धापा टाकत उत्तर यायचं.

पुन्हा तपासणीची वेळ जवळ आली, तेव्हा एका सकाळी चिमणी दुकानात येऊन म्हणाली, "बाबा, फ्रॉक पुरत नाहीये."

शिंप्याने हातातली कात्री खाली ठेवली. त्याने कंबरेला टेप लावली. माप जुनंच. त्याचा विश्वास बसेना.

"ही टेप ताणली गेलीये. ताणलेल्या टेपवर माप कमी भरतं."

आईने खणातली कोरी टेप आणून दिली. तेच माप.

"अरे, कंबरेत नाही! गुडघे बघ माझे!" चिमणी म्हणाली. फ्रॉक गुडघ्यांच्या चांगलाच वर गेला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा पाहिला. रक्तदाब उतरला होता, रक्तातले यकृताचे आकडे सुधारले होते. "थोडी चरबी उरलीये, पण वाट बरोबर आहे. सोडू नका."

घरी येताच शिंप्याने फ्रॉकची खालची दुमड उसवली. कापड पसरलं, तर जुन्या घडीची रेघ स्पष्ट उमटलेली: वर विटका निळा, खाली कोरा निळा.

"रेघेवर फीत लावून झाकता ना?" आईने विचारलं.

"छे! दिसू दे की सगळ्यांना, पोरगी केवढी वाढलीये ते," शिंपी म्हणाला. चिमणीने फ्रॉक चढवला, गिरकी घेतली, आणि माठातलं पाणी पेल्यात ओतून बापापुढे धरलं.

"घ्या शिंपीबुवा, गिऱ्हाइकाकडून!"