फक्त सत्यासाठी

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाल्यावर दीड महिन्यानं श्रीहरीनं सत्यशीलाला वरोऱ्याहून कॅसेट पाठवली. कव्हर साधं, पांढरं. त्यावर निळ्या शाईनं लिहिलेलं, 'फक्त सत्यासाठी'. आत चिठ्ठी होती. 'कॉम्प्युटरवर मी स्वतः मिक्स केली. एकेक गाणं निवडायला महिना गेला. मला बोलता येत नाही, म्हणून हे.'

श्रीहरी कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा, म्हणजे त्याला जमलं असणारच. सत्यशीला चामोर्शीकडच्या उपकेंद्रात नर्स होती. दुपारी पेशंट ओसरले की ती टेप लावायची. असलं ट्रान्स संगीत तिनं कधी ऐकलं नव्हतं. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, नुसता ठोका आणि त्यावर तरंगणारे सूर. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळायचं, थांबायला जागाच नसायची. शब्द नसल्यानं तिला त्यात हवं ते ऐकू यायचं. हे गाणं आमच्या पहिल्या भेटीचं, हे मे महिन्यात होणाऱ्या लग्नाचं. सातवं तिचं सर्वांत लाडकं, पण ते ऐन रंगात आलं की तुटायचं आणि दुसराच ढोल कानावर आदळायचा. इथं त्याला दुरावा सांगायचा असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तिची आरोग्य पथकात ड्युटी लागली. ओआरएसची पाकिटं वाटताना भोंग्यावर ओळखीचा सूर आला. आधी ती हसली. मग पुढचं गाणं तिला ठाऊक असलेलंच आलं, त्याच्या पुढचंही. सातवं तर नेमकं तिथंच तुटलं. हातातली पाकिटं टेबलावर टाकून ती कॅसेटच्या दुकानावर गेली.

"भाऊ, हे काय लावलं?"

"नॉनस्टॉप ट्रान्स, भाग चार," दुकानदार मुखरू म्हणाला. "यंदा हेच चालून राह्यलं, बाई. साऱ्या पोट्ट्यायले हेच पाह्यजे."

कव्हरवर हेडफोन लावलेली गोरी बाई होती. सत्यशीलानं ती कॅसेट विकत घेतली.

रविवारी श्रीहरी भेटायला आला तेव्हा तिनं दोन्ही कॅसेटी त्याच्यासमोर ठेवल्या. तो हसला.

"सापडली का तुले! अवं, सगळेच असे देतेत. कव्हर बदलवलं फक्त. गाने तर चांगले हायत ना?"

"सातवं मधातच काऊन तुटते?"

"कोन्तं सातवं?"

तिनं पांढऱ्या कव्हरची कॅसेट उचलली. "तुमी आयकली तरी का हे?"

"टाइम कुठी हाय, सत्या? दुकानवाला म्हने, मस्त हाय."

खोटं बोलला ते एक. पण तीन महिने ती मनातल्या मनात ज्याच्याशी बोलत होती, तो त्या टेपमध्ये कधी नव्हताच. तिनं त्याच दिवशी घरी सांगितलं, हे लग्न होणार नाही. आई हात जोडून म्हणाली, "पोरगा दारू पित नाई, हुंडा मांगत नाई. कॅसेटीपायी मोडतं का कोनी?"

आठ दिवसांनी श्रीहरीचे वडील पत्रूजी एकटेच उपकेंद्रात आले. "चुकलाच तो, बाई. पन येवढ्याशा गोष्टीले..."

"माह्यासाठी येवढीशी नाई, बाबूजी."

त्यांनी मान हलवली. चहा पिताना ते सारखे कपाळ दाबत होते. तिनं न विचारताच दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं. खूप वाढलेलं होतं. तिनं गोळ्या दिल्या, वरोऱ्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली, मीठ कमी करा म्हणून दोनदा बजावलं.

"येतो," म्हणून म्हातारा उन्हात छत्री उघडून एसटीकडे निघाला. त्याची छत्री वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती. मग आत येऊन तिनं दार लावून घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली.