अप्पांची साखर कुठे गेली?

दर गुरुवारी सकाळी साडेआठपासून ठाकूरद्वारच्या एका वाडीत अप्पा धैर्यवानांच्या दारात चपलांचा ढीग लागे. आत पाटावर अप्पा बसलेले असत, आणि त्यांच्या अंगात कधी येतंय याची वाट बघत तीसेक माणसं. देव सहसा वेळ पाळत नाही, पण हा नऊच्या ठोक्याला येई. अप्पांच्या कपाळावर घाम फुटे, हात थरथरत, जीभ जड होई. मग ते छताकडे बघून भलतंच काही बरळू लागत.

“संचार! संचार!” लोक हात जोडत.

हितेंद्रमहाराज तांब्यातलं तीर्थ अप्पांच्या तोंडाला लावत. दहा मिनिटांत अप्पा शुद्धीवर येत आणि विचारत, “चहा झाला का?” लगेच बोट टोचून साखर मोजायची. कधी अठ्ठ्याण्णव, कधी एकशे चार. वीस वर्षांचा मधुमेह, चार महिने इन्शुलिन बंद, आणि हा आकडा! टाळ्या पडत.

“डॉक्टर साखर मोजतात, माऊली. आम्ही तिला समजावतो,” महाराज म्हणत. “स्वादुपिंड झोपलं होतं. एक हाक मारली, उठलं!”

महाराज पूर्वी चिंचपोकळीत पाण्याचे फिल्टर विकत. म्हणजे पाण्याचा अनुभव दांडगा.

नियम कडक होते. बुधवारी रात्रीपासून अप्पांनी उपास धरायचा. तीर्थाआधी पाण्याचा घोट नाही, आणि तीर्थाआधी यंत्राला हात नाही, कारण संशयाने संचार आटतो. यंत्र देव्हाऱ्यात असे, हळदकुंकू लावलेलं. धैर्यवानांच्या तीन पिढ्या कारकुनीत गेल्या, त्यामुळे चमत्काराचीसुद्धा वही होती. तारीख, वेळ, आकडा, खाली अप्पांची सही.

अप्पांच्या पत्नी वासंतीवहिनी टॉवेल घेऊन कोपऱ्यात उभ्या राहत. इन्शुलिन वीसवरून बारावर आलं, बारावरून सहावर, मग शून्यावर, तेव्हा त्या आनंदाने रडल्या होत्या. मग गुरुवारपुरता असलेला संचार रोजचा झाला, पहाटेपहाटे येऊ लागला, आणि त्यांना काही वाटेनासं झालं. बाटलीत भरून ठेवलेलं तीर्थ पाजायचं, घाम पुसायचा, चादर बदलायची. अप्पांचे दंड काटकुळे झाले होते आणि पोट पुढे आलं होतं. “तेज साठतंय,” महाराज म्हणाले. वहिनींनी पायजम्यात लांब नाडी घातली.

त्या गुरुवारी महाराज आले नाहीत. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. अप्पा पाटावरून कलंडले. डोळे अर्धे मिटलेले, एक हात झटके देतोय.

“आज मोठा संचार आहे,” कोणीतरी कौतुकाने म्हणालं. “महाराज वरळीला अडकलेत. थांबा, हात लावू नका. गुरुवारचं तीर्थ त्यांच्याच हातून.”

वहिनी टॉवेल धरून उभ्या राहिल्या. हा माणूस आता जाणार, असं त्यांच्या मनात आलं. परक्या घरातली बातमी यावी तसं आलं.

तेवढ्यात मागच्या घरातली डोरिस आत शिरली. चाळीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. ती डबा परत द्यायला आली होती.

“हे काय चाललंय, वासंती?”

“संचार.”

“संचार कसला डोंबलाचा! यंत्र कुठाय?”

“देव्हाऱ्यात. पण तीर्थाआधी...”

डोरिसने हळदकुंकवासकट यंत्र उचललं आणि अप्पांचं बोट टोचलं.

“अडतीस,” ती म्हणाली. “वासंती, साखर आण. पळ!”

वहिनी पळाल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा. डोरिसने अप्पांना आधार देऊन बसवलं, गिळता येतंय ना ते पाहिलं, आणि साखरेचं दाट पाणी चमच्याचमच्याने पाजलं. मंत्र नाही, तांब्या नाही, महाराज नाहीत. दहा मिनिटांनी अप्पांनी डोळे उघडले.

“चहा झाला का?”

तीस माणसं चमच्याकडे बघू लागली.

महाराज पोहोचले ते धापा टाकतच. “मी वरळीहूनच शक्ती सोडली होती!”

“हितू, बस खाली,” डोरिस म्हणाली. “जुलाब झाले तेव्हा तुला सलाईन मीच लावलेलं. तीर्थात काय घालतोस?”

“गंगाजल. आणि थोडी... खडीसाखर.”

“थोडी?”

“अर्धा किलो.”

डोरिसने वही चाळली. “सगळे आकडे तीर्थानंतरचे. आधीचा एकही नाही. याला साखर समजावणं म्हणतोस? अप्पा दर गुरुवारी बुडत होते आणि तू बाहेर काढल्यावरचा फोटो दाखवत होतास.” मग ती वहिनींकडे वळली. “ह्याची लबाडी कळली. पण इन्शुलिन बंद असताना साखर अडतीसवर जाते कशी? ते कोण करतंय?”

परळच्या हॉस्पिटलात पूर्वी नावाच्या डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला, वेगळ्या सुरात. “तुम्ही चोरून टोचत नाही ना?” वहिनी फक्त “नाही” म्हणाल्या. राग यायला हवा होता, आला नाही. रक्त तपासलं. त्यात इन्शुलिन नावालाही नव्हतं, म्हणजे कोणी टोचत नव्हतं.

मग पोटाचा स्कॅन झाला. जठराच्या मागे नारळाएवढी गाठ होती. कर्करोगाची.

“काही गाठी दुखत नाहीत, नुसत्या कामाला लागतात,” डॉक्टर म्हणाल्या. “ही इन्शुलिनसारखाच एक रस बनवतेय. उपास घडला की साखर तळाला. मधुमेह बरा झालेला नाही, बाई. गाठीने तो झाकलाय. सुदैवाने काढता येईल अशी आहे. अजून दोन महिने आरत्या झाल्या असत्या तर सांगता आलं नसतं.”

वहिनींना आठवलं, दर गुरुवारी त्या महाराजांना एक नारळ देत.

ऑपरेशन सहा तास चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने अप्पांचं बोट टोचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “दोनशे बेचाळीस. इन्शुलिन सुरू करावं लागणार.”

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि रडल्या, तोंडात पदर कोंबून, चार महिन्यांचं एकदम. संध्याकाळी त्यांनी वाडीत पेढे वाटले. नवऱ्याचा मधुमेह परत आला म्हणून पेढे वाटणारी बाई ठाकूरद्वारने तोवर पाहिली नव्हती. अप्पांना अर्थात पेढा मिळाला नाही.

दर तीन महिन्यांनी स्कॅन करायचाय. गाठ परत येऊ शकते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. वहीत आता तीर्थानंतरचा आकडा नाही, उपाशीपोटीचा आहे, आणि सही वहिनींची असते.

वाडीत कोणी “अमक्याचा आजार आपोआप गेला” म्हणालं, की वहिनी हात जोडत नाहीत. एवढंच विचारतात, “गेला तो कुठे गेला?” तुम्हीही विचारा. देवाला राग येत नाही. आला तर तो महाराजांना येतो.